मोडलेला बिट, उडालेले दाते : लाकूड कोरणाऱ्या यंत्राचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
टेबलावर मावणारे, संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणारे लाकूड-कोरणीचे यंत्र, म्हणजे हौशी सीएनसी, आता अनेक घरगुती कार्यशाळांत दिसते. त्यावर काम करणाऱ्याच्या कानाला दोन आवाज फार लवकर ओळखीचे होतात. एक ‘टक्’ असा कोरडा आवाज : बिट मोडला. दुसरा खडखडाट : गिअरचे दाते एकमेकांत न बसता नुसतेच घसरत आहेत. या दोन्ही आवाजांमागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा. (२७ भाग)

२/
बिट मोडला की नवा बिट बसवला जातो. गिअर गेला की नवा गिअर मागवला जातो. पुष्कळदा तोही काही दिवसांत जातो. याचे कारण असे की, मोडलेला भाग बहुधा गुन्हेगार नसून साक्षीदार असतो. गुन्हा दुसरीकडेच घडलेला असतो : वेगात, खोलीत, पकडीत, भुशात किंवा लाकडाच्या गाठीत. हाताने कोरणाऱ्या कारागिराला हे सारे एकाच वेळी कळत असे. यंत्राने त्याच्या हातातून ते ज्ञान तुकड्या-तुकड्यांनी कसे काढून घेतले आणि त्यातले किती तुकडे वाटेत सांडले, हे पाहिले की आजच्या बिघाडाचा उलगडा होतो.

३/
सुरुवात पटाशीपासून. इंग्लंडमध्ये १६४८ ते १७२१ या काळात होऊन गेलेल्या ग्रिनलिंग गिबन्सने लिंडनच्या मऊ लाकडात फुले, फळे आणि पानांच्या माळा कोरल्या. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधले त्याचे काम प्रसिद्ध आहे. अशा कामात पटाशीचे टोक लाकडाच्या रेषेला आडवे गेले की मनगटाला ते लगेच जाणवते. गाठ आली की ठोका हलका होतो, धार बोथट झाली की हात आपसूक थांबतो आणि धार लावून पुढे सरकतो. कापणे, मोजणे आणि चूक ओळखणे ही तिन्ही कामे एकाच हातात होती.

४/
यातले ‘मोजणे’ पहिल्यांदा बाजूला काढले ते जेम्स वॉटसारख्या लोकांनी. वाफेच्या इंजिनासाठी ओळखला जाणारा वॉट आयुष्याच्या अखेरच्या पर्वात बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घराच्या माळ्यावर मूर्तींच्या प्रतिकृती काढणारी यंत्रे घडवत होता. एक काडी मूळ मूर्तीवरून फिरायची आणि तिच्याशी जोडलेले फिरते पाते शेजारच्या ठोकळ्यातून तोच आकार काढायचे. १८१९ साली त्याचा मृत्यू झाला. ती कार्यशाळा दीर्घकाळ तशीच बंद राहिली आणि १९२४ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात हलवण्यात आली. आकार आता नमुन्यातून येत होता, पण काडी फिरवणारा हात माणसाचाच होता.

५/
त्याच सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये थॉमस ब्लँचर्डने बंदुकीचे लाकडी दस्ते कातणारे यंत्र तयार केले. १८१९-२० मध्ये त्याला पेटंट मिळाले. लोखंडी नमुना आणि लाकडाचा ठोकळा एकाच गतीने फिरत. नमुन्यावर टेकलेले चाक आतबाहेर होई, त्याप्रमाणे कापणारे चाकही आतबाहेर होई. वेडावाकडा आकारही लेथवर निघू शकतो, हे त्याने दाखवून दिले. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात त्याच्या यंत्रांची मालिका बसली.

६/
ब्रिटिशांनी १८५० च्या दशकात याच परंपरेतील अमेरिकी यंत्रे एनफिल्डच्या कारखान्यासाठी विकत घेतली. १८५३ च्या नमुन्याच्या ज्या रायफलीची काडतुसे १८५७ च्या उठावाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली, तिचे दस्ते पुढे या यंत्रांवर निघू लागले. भारतीय वाचकाला काडतुसाची गोष्ट पाठ असते. त्याच बंदुकीच्या लाकडी भागामागेही यंत्रयुगातला एक मोठा बदल उभा होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

७/
कोरीवकामाचे खरे यंत्र आले ते लंडनच्या संसदभवनामुळे. १८३४ च्या आगीत वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा जळाला. चार्ल्स बॅरीच्या आराखड्यानुसार नवी इमारत उभी राहू लागली आणि तिच्या लाकडी तावदानांवर, छतांवर, आसनांवर अफाट कोरीवकाम लागणार होते. १८४५ मध्ये थॉमस जॉर्डनने लाकूड कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ते यंत्र या कामाला लावण्यात आले. एका नमुन्यावरून एकाच वेळी अनेक प्रती कोरता येत होत्या.

८/
पण जॉर्डनच्या यंत्रातून निघालेला तुकडा थेट भिंतीवर चढत नसे. फिरणारे पाते गोल असते. त्यामुळे आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही. पाकळीच्या खालून पोखरून काढायची जागाही त्याला साधत नाही. म्हणून शेवटचा हात कोरक्याचाच फिरे. आजचे तीन अक्षांचे हौशी यंत्र याच दोन मर्यादांमध्ये काम करते. तीक्ष्ण कोपऱ्याच्या हट्टापायी केसासारखा बारीक बिट लावणे आणि तो पहिल्याच फेरीत मोडणे हा अनुभव पुष्कळांना येतो. एकोणिसाव्या शतकाने त्यावर उत्तर देऊन ठेवले होते : ढोबळ काम जाड पात्याने, बारीक काम बारीक पात्याने आणि कोपरा पटाशीने.

९/
आता दात्यांकडे वळू. पाणचक्की आणि पवनचक्कीची चाके शतकानुशतके लाकडी होती. अठराव्या शतकात जॉन स्मीटनने गिरण्यांमध्ये ओतीव लोखंडाचे भाग आणले. जॉन रेनीने लंडनच्या आल्बियन मिल्समध्ये, म्हणजे १७८६ मध्ये सुरू झालेल्या वाफेच्या पीठगिरणीत, लोखंडी दंतचक्रे मोठ्या प्रमाणावर वापरली. लाकूड गेले, लोखंड आले, आता दाते मोडायचे नाहीत, असे वाटावे. गिरणी-मिस्त्र्यांनी मात्र लाकूड पूर्णपणे सोडले नाही.

१०/
जोडीतले एक चाक लोखंडी दात्यांचे; दुसऱ्या लोखंडी चाकाच्या कडेला खाचा आणि त्यात ठोकून बसवलेले लाकडी दाते. हॉर्नबीम किंवा सफरचंदाच्या झाडाचे चिवट लाकूड त्यासाठी निवडले जाई. अशी जोडी कमी आवाज करी आणि धक्का सोसून घेई. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काही अडकले तर लाकडी दाता मोडे आणि ओतीव चाक वाचे. मिस्त्री नवा दाता तासून ठोके आणि गिरणी पुन्हा सुरू होई. कुठे मोडावे हे त्याने आधीच ठरवून ठेवलेले असे.

११/
आणखी एक युक्ती होती. साठ आणि वीस दात्यांची जोडी लावली तर लहान चाकाचा प्रत्येक दाता मोठ्या चाकाच्या त्याच तीन दात्यांना भेटत राहतो. एखादा दाता वाकडा असेल तर तो नेहमीच्या तिघांनाच खात बसतो. म्हणून मिस्त्री मोठ्या चाकाला एक दाता जास्त देत : साठऐवजी एकसष्ट. मग प्रत्येक दाता समोरच्या सर्वांना पाळीपाळीने भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. गणित साधे आहे, पण ते मोडतोडीच्या अनुभवातून आलेले आहे.

१२/
दाता नेमका किती भार सोसतो, याचे व्यवहार्य सूत्र १८९२ मध्ये विल्फ्रेड लुईसने फिलाडेल्फियातल्या अभियंत्यांपुढे मांडले. त्याने दात्याकडे भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईसारखे पाहिले. टोकावर भार पडला की सर्वांत जास्त ताण मुळाशी येतो. म्हणून दाता मोडतो तो मुळापासून. दात्याची रुंदी, जाडी आणि आकार यांवरून त्याची ताकद काढता येऊ लागली. आजही दंतचक्रांच्या पाठ्यपुस्तकात लुईसचे नाव पहिल्या काही पानांतच भेटते.

१३/
या दृष्टीने पाहिले तर गेलेला गिअर वाचता येतो.
• एक-दोन दातेच मुळापासून तुटले असतील तर एकदम धक्का बसला आहे : बिट गाठीत अडकला किंवा सरकता भाग टोकाला जाऊन आदळला.
• सगळे दाते सारखेच पातळ, टोकदार झाले असतील तर ती जुनी झीज आहे. भुसा ग्रीजमध्ये मिसळला की त्याची घासणारी लेई होते.
• दात्याची एकच बाजू खाल्ली गेली असेल तर दोन चाके एका पातळीत नाहीत.
• प्लॅस्टिकचे दाते वितळल्यासारखे लोळले असतील तर उष्णता झाली आहे.

१४/
प्लॅस्टिकचा उल्लेख आला की हौशी मंडळींची एक तक्रार हमखास निघते : ‘कंपनीने स्वस्तात नायलॉनचा गिअर घातला.’ नायलॉन ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सच्या गटाने १९३५ मध्ये तयार केले. मोज्यांसाठी ते गाजले, पण पुढे गिअरसाठीही सोयीचे ठरले. ते हलके असते, आवाज करीत नाही, त्याला तेल फारसे लागत नाही. ते स्वस्त आहे हे खरेच. पण गिरणीतल्या लाकडी दात्याचे जुने काम आता नायलॉन करते : मोटर किंवा स्पिंडल जाण्याआधी ते स्वतः जाते.

१५/
त्यामुळे नायलॉनच्या जागी पोलादी गिअर बसवला की दुखणे बरे होत नाही, फक्त जागा बदलते. पुढचा धक्का मग मोटरच्या दांड्याला, बेअरिंगला किंवा यंत्राच्या सांगाड्याला बसतो. बदली गिअर घेण्याआधी धक्का कुठून आला, हे शोधणे भाग आहे. यंत्राचा प्लग काढून प्रत्येक अक्ष हाताने सरकवून पाहावा. एखाद्या जागी तो जड लागत असेल तर तिथे भुसा साचला आहे, पट्टी वाकली आहे किंवा वंगण सुकले आहे. गिअर दांड्यावर घट्ट धरणारा बारीक स्क्रू ढिला असेल तर दाते शाबूत असूनही घसरल्यासारखा आवाज येतो.

१६/
आता पात्याचा इतिहास. पोलादाला पाणी देऊन धार टिकवणे ही लोहाराची जुनी विद्या. पण यंत्राच्या वेगात साधे पोलाद तापून मऊ पडे. १८६८ मध्ये रॉबर्ट मुशेटने टंगस्टन घातलेले, हवेत निवताना आपोआप कठीण होणारे पोलाद आणले. त्यानंतर फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टील कंपनीत उष्णतेची प्रक्रिया बदलून ‘हाय-स्पीड’ पोलाद सिद्ध केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते जगाने पाहिले. लालसर तापल्यावरही त्याची धार कापत राहिली.

१७/
हाच टेलर ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा जनक म्हणून ओळखला जातो. १८८० पासून पुढे २६ वर्षे त्याने धातू कापण्याचे प्रयोग केले. त्यांत ८ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा चुरा झाला. किती खोल कापावे, किती वेगाने, किती सरकावे, धार किती वेळ टिकेल अशा बारा घटकांचा हिशेब त्याने मांडला. त्याचे म्हणणे असे की, हा हिशेब कामगाराच्या अंदाजावर सोडू नये, तो नियोजन विभागाने करावा आणि कामगाराच्या हातात तयार सूचना द्यावी. मनगटातले ज्ञान प्रथमच तक्त्यात उतरले आणि त्याच क्षणी मनगटापासून दूरही गेले.

१८/
आज बिटासोबत येणारा ‘फीड आणि स्पीड’चा तक्ता ही त्याच विचाराची संतती आहे. त्यामागचे मुख्य गणित सोपे आहे. बिटाची प्रत्येक धार एका फेरीत किती जाडीची ढलपी काढते, हे पाहायचे. बिटाला दोन धारा आहेत, तो मिनिटाला १८,००० फेरे घेतो आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिमी ढलपी काढावी असे ठरले, तर सरकण्याचा वेग झाला १८,००० × २ × ०.०५ = १,८०० मिमी प्रतिमिनिट.

१९/
बिट मोडण्याच्या भीतीने नवखा माणूस सरकण्याचा वेग ६०० वर आणतो, पण फेरे तेच ठेवतो. आता प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१७ मिमीपेक्षाही कमी लाकूड येते. धार कापत नाही, घासते. घासल्याने तापते, तापल्याने बोथट होते, लाकूड काळवंडते आणि अखेर बोथट झालेला बिट मोडतो. सावधगिरीनेच घात केला. जळका वास आणि ढलपीऐवजी पिठासारखा भुसा ही त्याची आधी मिळणारी सूचना. उपाय : फेरे कमी करावेत किंवा सरकण्याचा वेग वाढवावा, आणि एका फेरीची खोली कमी ठेवावी.

२०/
दुसरे गणित वाकण्याचे. स्पिंडलबाहेर डोकावणाऱ्या बिटाची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. जाडी निम्मी केली तर सोळापट. म्हणजे ६ मिमीच्या जागी तेवढ्याच लांबीचा ३ मिमीचा बिट लावला की सोळापट लवचिक वस्तू हातात येते. १९२३ मध्ये बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोटरने टंगस्टन कार्बाइडची जी जात सिद्ध केली आणि क्रुप कंपनीने १९२० च्या दशकातच ‘विडिया’ या नावाने बाजारात आणली, तिचे आजचे वंशज फार कठीण आहेत, पण ठिसूळही. पोलादी बिट वाकून इशारा देतो. कार्बाइडचा बिट इशारा न देता मोडतो. म्हणून बिट गरजेपुरताच बाहेर ठेवावा.

२१/
इथपर्यंत यंत्रापाशी माणूस उभा होता. त्याला तिथून हलवण्याची कथा लाकडापासूनच सुरू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिशिगनमधल्या जॉन पार्सन्सला सिकोर्स्की कंपनीकडून हेलिकॉप्टरच्या पंख्याचे भाग करण्याचे काम मिळाले. पोलादी कण्यावर बसवायचे ते भाग लाकडी होते आणि त्यांचे उत्पादन एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यात सुरू झाले. आकार कळवला होता फक्त १७ बिंदूंनी. मधली रेष वक्रपट्टीने जुळवून घ्यायची होती. पुढे त्यांनी घडवलेले एक पाते निकामी झाले आणि पार्सन्स साऱ्या बांधणीचाच पुन्हा विचार करू लागला.

२२/
फ्रँक स्टुलेन या सहकाऱ्याने पंच-कार्डांच्या आयबीएम यंत्रावर हिशेब करून वक्ररेषेचे १७ ऐवजी २०० बिंदू काढले. मग ते आकडे एकाने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी यंत्राच्या चकत्या तेवढ्या फिरवायच्या, अशी पद्धत बसली. जॉर्डनच्या यंत्रातला लाकडी नमुना आता नाहीसा झाला होता. त्याची जागा आकड्यांच्या यादीने घेतली होती. वाचणाऱ्या माणसाऐवजी छिद्रांची पट्टी आणि फिरवणाऱ्या हाताऐवजी मोटर आली की संख्यात्मक नियंत्रण, म्हणजे सीएनसीचे पूर्वरूप, तयार होणार होते.

२३/
१९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला, एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळा कामाला लागली आणि १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीच्या एका मोठ्या मिलिंग यंत्रावर प्रात्यक्षिक झाले. सर्व्होचे मर्म असे : यंत्राला ‘कुठे जायचे’ हे सांगितले जाते आणि ‘प्रत्यक्षात कुठे पोहोचले’ हे ते स्वतः मोजून ताडून पाहते. फरक पडला तर दुरुस्त करते. कारागिराच्या हातातल्या तीन कामांपैकी कापणे आणि मोजणे आता यंत्राकडे होते. पाते बोथट झाले, लाकडात गाठ आली, पकड सुटली, हे ओळखणे मात्र त्याला येत नव्हते.

२४/
डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात एक अडचणीचा प्रश्न विचारला. त्याच काळात कुशल कामगाराच्या हालचाली चुंबकीय पट्टीवर नोंदवून त्या यंत्राकडून पुन्हा करवण्याची पद्धतही पुढे आली होती. मग आकड्यांचाच मार्ग का निवडला गेला? नोबलचे उत्तर : लष्कराची गरज आणि व्यवस्थापनाची कामगारावर ताबा ठेवण्याची इच्छा. या मतावर वाद आहे. विमानांचे गुंतागुंतीचे आकार हाताच्या नोंदीतून निघालेच नसते, हा प्रतिपक्षही दुबळा नाही. पण कारखान्यांत पुढे जे घडले त्याने नोबलचा प्रश्न जिवंत ठेवला.

२५/
फीत लिहिणारा कार्यालयात बसत होता. त्याने ओतीव लोखंडातला टणक ठिपका पाहिलेला नसे. यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला केवळ बटण दाबायचे काम उरले होते, तरी बदललेला आवाज त्यालाच ऐकू येई. जनरल इलेक्ट्रिकच्या लिन येथील कारखान्यात ही महागडी यंत्रे अपेक्षेइतकी चालेनात, तेव्हा १९६८ मध्ये कामगारांनाच अधिक अधिकार देण्याचा प्रयोग सुरू झाला. तो काही वर्षांनी गुंडाळण्यात आला. यंत्रांवर मात्र एक गोष्ट राहिली : सरकण्याचा वेग कामगाराला चालत्या यंत्रावर कमी-जास्त करू देणारी ‘ओव्हरराइड’ची कळ. तक्त्याने काढून घेतलेल्या मनगटासाठी सोडलेली ती छोटी खिडकी होती.

२६/
२००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेआ येथे आर्डुइनो हे स्वस्त नियंत्रक-फलक जन्माला आले. २००९ मध्ये त्यावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही मुक्त आज्ञावली आली आणि घरगुती सीएनसी आवाक्यात आले. स्वस्ताईसाठी एक तडजोड करावी लागली. अशा बहुतेक यंत्रांत स्टेपर मोटर असते आणि उलट खबर देणारा मापक नसतो. मोटरला ‘शंभर पावले टाक’ असा हुकूम जातो. तिने ती टाकली असे गृहीत धरले जाते. भुशाने किंवा झिजलेल्या दात्याने दहा पावले चुकली तरी नियंत्रकाला पत्ता नसतो. तो पुढचा आकडा पाठवतो, बिट चुकीच्या जागी न कापलेल्या जाड लाकडात शिरतो आणि मोडतो. मालक बिटाला दोष देतो. मूळ दुखणे दात्यांत असते. १९५२ च्या यंत्राकडे असलेली चुकीची जाणीव घरगुती यंत्राने किमतीपायी सोडली आहे, हे माहीत असलेला माणूस अशा वेळी आधी गिअर तपासतो.

२७/
या इतिहासातून तपासणीचा क्रम आपोआप हाती येतो. मोडलेला तुकडा फेकू नये, आधी पाहावा : धार काळी पडली असेल तर वेगाचे गणित, धार लखलखीत असून बिट बुंध्याशी मोडला असेल तर जादा लांबी, जादा खोली किंवा धक्का. मग कॉलेट काढून पुसावे. आतल्या भुशाने बिट तिरका बसतो आणि फिरताना डोलतो. लाकडाची पकड हलवून पाहावी, गाठी कुठे आहेत ते बघावे. प्लग काढून अक्ष हाताने सरकवावेत, दाते वाचावेत. पुन्हा सुरू करताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि पहिला काही काळ हात वेगाच्या कळीजवळ, कान आवाजाकडे असावा. वॉटच्या काडीपासून आर्डुइनोपर्यंत यंत्राने कारागिराचे मोजणे घेतले, आकडे घेतले, हालचालही घेतली. चूक ओळखण्याचे काम अजून त्याच्याचकडे आहे. यंत्रापाशी उभे राहून ऐकणारा माणूस कमी बिट मोडतो तो त्यामुळेच.

(धागा समाप्त)